गावठाणातल्या अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी खाद्य कसे निवडावे?

घणसोली_परसदार यांचा प्रश्न

नमस्कार. घणसोली गावठाणात आमचे जुने बैठे घर आहे आणि मागच्या परसात बारा कोंबड्या आहेत. त्यांपैकी सात ग्रामप्रिया (परसातल्या पालनासाठीची सुधारित जात) आणि दोन गावरान कोंबड्या अंड्यावर आहेत; उरलेल्या तीन तलंगा साधारण चौदा आठवड्यांच्या असून त्यांनी अजून अंडे दिलेले नाही. पूर्वी आमच्याकडच्या कोंबड्या दिवसभर गल्लीतून आणि मागच्या मोकळ्या जागेतून चरून येत असत. आता तिन्ही बाजूंना इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि भटक्या कुत्र्यांचा उपद्रव आहे, त्यामुळे संध्याकाळचा तासभर सोडला तर त्यांना जाळीतच ठेवावे लागते. उकिरडा उकरून, गवत टोचून, किडे-मुंग्या वेचून त्यांना जे मिळत असे ते जवळजवळ बंद झाले आहे आणि आपण घालू तेवढेच त्यांच्या पोटात जाते. म्हणूनच खाद्याचा प्रश्न एकदा नीट समजून घ्यावा असे वाटते.

सध्या सकाळी मक्याचा भरडा, दुपारी घरातला उरलेला भात आणि पोळीचे तुकडे, आणि संध्याकाळी दुकानातून आणलेले बारीक गोळीदार खाद्य असा क्रम आहे. हे खाद्य दुकानदार मोठ्या गोणीतून सुटे मोजून देतो आणि विचारले की ‘कोंबडीचे खाद्य’ एवढेच सांगतो. कोंबड्या तजेलदार आहेत, तुरे लाल आहेत, शिंका किंवा घरघर नाही. मात्र गणपतीपासून अंड्यांचे कवच पातळ होत चालले आहे. उचलताना बोटाने दबावे इतके पातळ कवच काही अंड्यांना असते, आणि मधूनच एखादे अंडे नुसत्या पडद्याचे, कवच नसलेले, तुसात पडलेले सापडते.

खाद्याच्या गोणीवर नेमके काय पाहून निवड करावी, पीठ घ्यावे की गोळी, तयार खाद्य घ्यावे की वाशीच्या बाजारातून धान्य आणून घरीच मिश्रण करावे, आणि शिंपल्यांचा चुरा द्यायचा झाल्यास तो कसा द्यावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

पशुधन_कळवा यांचे उत्तर

नमस्कार. पशुसंवर्धनाच्या कामात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आपण ज्याला बारीक गोळीदार खाद्य म्हणता ते बहुधा ब्रॉयलरचे, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांचे स्टार्टर (सुरुवातीचे) किंवा फिनिशर (शेवटच्या टप्प्याचे) खाद्य असावे, कारण आपल्या भागात चिकनची दुकाने आणि लहान ब्रॉयलर शेड जास्त असल्याने किरकोळ दुकानात तेच सर्वांत सहज मिळते. ते खाद्य वाईट नसते, परंतु ते वेगळ्या पक्ष्यासाठी असते. ब्रॉयलरला सहा आठवड्यांत वजन घ्यायचे असते, म्हणून त्यात ऊर्जा आणि प्रथिने भरपूर असतात आणि कॅल्शियम मात्र एक टक्क्याच्या आसपास असते. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात, ज्याला लेअर खाद्य किंवा लेअर मॅश म्हणतात, प्रथिने १६ ते १८ टक्के आणि कॅल्शियम ३ ते ४ टक्के असते. या दोन खाद्यांतला खरा फरक कॅल्शियमचा आहे आणि आपल्या पातळ कवचांचे कारण मला तिथेच दिसते.

हा हिशेब एकदा मांडून पाहावा. अंड्याच्या एका कवचात साधारण दोन ग्रॅमच्या थोडे वर कॅल्शियम असते. कोंबडी दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास खाते. एक टक्का कॅल्शियमच्या खाद्यातून तिच्या पोटात जेमतेम १.१ ग्रॅम कॅल्शियम जाते आणि त्यातलेही सुमारे निम्मेच अंगी लागते. साडेतीन टक्क्यांच्या लेअर खाद्यातून तेच प्रमाण जवळपास ३.८ ग्रॅम होते. कमी पडलेले कॅल्शियम कोंबडी काही काळ स्वतःच्या हाडांतून काढून कवचाला देते, म्हणून कमतरता लगेच दिसत नाही. तो साठा उतरला की आधी कवच पातळ होते, मग पडद्याची अंडी येतात आणि पुढे कोंबडी पायांत लुळी पडू शकते. त्यातच आपण मक्याचा भरडा आणि भात देता, ज्यांत कॅल्शियम जवळजवळ नसतेच. म्हणजे संध्याकाळच्या खाद्यात जे थोडेफार आहे तेही दिवसभराच्या मक्या-भाताने आणखी पातळ होते.

गोणीच्या शिवणीत एक चिठ्ठी शिवलेली असते किंवा गोणीवरच तक्ता छापलेला असतो. त्यावर ‘लेअर’ हा शब्द, कच्ची प्रथिने, कॅल्शियम, आर्द्रता आणि उत्पादनाची तारीख या गोष्टी पाहाव्यात. कोंबडीखाद्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १३७४ हे मानक आहे. त्याचा उल्लेख असल्यास उत्तम. आर्द्रता ११ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. सुटे खाद्य घ्यावेच लागले तर दुकानदाराला मूळ गोणी दाखवायला सांगावे आणि चिठ्ठी स्वतः वाचावी. चिठ्ठी नाही, तारीख नाही, नुसता ‘कोंबडीचे खाद्य आहे’ हा शब्द आहे, अशा ठिकाणी अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी खाद्य घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक कारण कमी जणांना ठाऊक असते. ब्रॉयलरच्या आणि पिल्लांच्या काही खाद्यांत रक्ती हगवणीवरचे औषध मिसळलेले असते. त्यांतले निकार्बाझिन हे औषध अंड्यावरच्या कोंबडीच्या पोटात गेले तर अंडी कमी होतात आणि तपकिरी अंड्यांचा रंग फिका पडतो. शिवाय ती अंडी आपल्या घरातली मुले खात असतात, तेव्हा औषधमिश्रित खाद्य लेअरच्या भांड्यात जाताच कामा नये.

पीठ की गोळी, हा प्रश्न मी दुय्यम मानतो. लेअरचे खाद्य आपल्याकडे मुख्यतः मॅशच्या, म्हणजे भरड पिठाच्या रूपातच मिळते आणि ते चांगले चालते. ते गव्हाच्या पिठासारखे बारीक नसावे. चिमटीत घेतल्यावर मक्याचे कण आणि चुनखडीचे खडे वेगळे कळायला हवेत.

दिवाळेगावची_माहेरवाशीण यांचे उत्तर

कवचाच्या बाबतीत वर सांगितलेले अगदी योग्य आहे. त्यात शिंपल्यांविषयी माझ्याकडून थोडी भर घालते, कारण आमच्या घरी कोंबड्यांना शिंपल्यांचा चुरा देण्याची पद्धत आजीच्या वेळेपासून आहे.

तिसऱ्यांचे, शिवल्यांचे किंवा कालवांचे रिकामे शिंपले घरात जेवणानंतर उरतातच. ते दोन-तीन पाण्यांतून स्वच्छ धुवावेत, आतला मांसाचा धागा राहू देऊ नये, कारण तो कुजतो आणि मुंग्या लागतात. मग कडक उन्हात चार-पाच दिवस वाळवून लोखंडी खलबत्त्यात किंवा जाड गोणपाटाखाली ठेवून हातोडीने फोडावेत. कण ज्वारीच्या दाण्यापासून तुरीच्या दाण्याएवढे ठेवावेत आणि सुईसारखे टोकदार तुकडे चाळून बाजूला काढावेत. आमटीत शिजलेले शिंपले असतील तर त्यांचे मीठ-मसाला निघून जाईपर्यंत धुणे विशेष महत्त्वाचे आहे. हे सर्व करायला वेळ नसेल तर कोंबडीखाद्याच्या दुकानात शेल ग्रिट या नावाने तयार चुरा मिळतो आणि तो महाग नसतो.

हा चुरा खाद्यात कालवून देऊ नये. वेगळ्या मातीच्या पसरट भांड्यात कायम भरून ठेवावा. ज्या कोंबडीला उद्या अंडे द्यायचे आहे ती संध्याकाळी त्या भांड्याकडे आपणहून जाते आणि हवे तेवढे टोचते, तर खुडूक बसलेली कोंबडी त्याकडे पाहतसुद्धा नाही. आमच्याकडे दिवे लागणीच्या सुमारास भांड्याभोवती तीन-चार कोंबड्या जमतात आणि चोचीने खडे उलटेपालटे करून ठरावीक आकाराचेच उचलतात, हे मी कितीतरी वेळा उभी राहून पाहिले आहे. कवच बहुतांशी रात्री तयार होते, त्याला साधारण वीस तास लागतात, आणि जाड खडे पेट्यात, म्हणजे दाणे दळणाऱ्या जठरात, राहून रात्रभर हळूहळू विरघळतात. पावडर मात्र लवकर पुढे सरकते. म्हणून चुरा जाडसर असणे आणि तो संध्याकाळी समोर असणे या दोन्ही गोष्टींना अर्थ आहे.

अंड्यांची टरफलेही देता येतात. ती तव्यावर कोरडी भाजून इतकी बारीक करावीत की कोंबडीला ती अंड्यासारखी दिसू नयेत, नाहीतर तिला स्वतःचे अंडे फोडून खाण्याची सवय लागते, आणि ती सवय मोडणे फार कठीण जाते.

प्रथिनांसाठी आम्ही अधूनमधून मूठभर सुकट देतो. मात्र ती बिनमिठाची, नुसती उन्हात वाळवलेली असावी. खारवलेली मासळी कोंबड्यांना कधीही घालू नये, कारण मिठाचा अतिरेक त्यांना सोसत नाही. त्यांना पाण्यासारखी हगवण लागते आणि प्रमाण वाढले तर त्या दगावतात. सुकट रोज आणि जास्त दिली तर अंड्याला मासळीचा वास येतो, तेव्हा आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे.

दुपारचा भात बंदच करावा असे मी म्हणणार नाही, पण कमी अवश्य करावा. शिजलेल्या भातात निम्म्याहून कितीतरी जास्त पाणी असते. कोंबडीचे पोट भरते, पण तिला मिळते फार थोडे. सकाळी आधी लेअर खाद्य पोटभर मिळावे आणि घरातले उरलेसुरले दुपारनंतर, पंधरा-वीस मिनिटांत संपेल एवढेच, दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या भागाच्या आत असावे. तळलेले, खारट, आंबलेले, बुरशी धरलेली पोळी, हिरवट झालेल्या बटाट्याची साले आणि कच्चा राजमा यांतले काहीही देऊ नये. मेथी-कोथिंबिरीची देठे, पालक, शेवग्याचा पाला मात्र जरूर द्यावा. जाळीत अडकलेल्या कोंबड्यांना हिरवे खाणे मिळाले की त्या एकमेकींची पिसे कमी ओढतात आणि बलकाचा रंगही खुलतो.

कासारवडवली_शेतीप्रेमी यांचे उत्तर

घरी मिश्रण करण्याविषयी विचारले आहे, म्हणून अनुभवावर आधारित माहिती देतो. घोडबंदर पट्ट्यात आम्ही तीन घरे मिळून चाळीसेक कोंबड्यांसाठी मिश्रण करतो. आपल्याकडच्या बारा कोंबड्यांसाठी ते परवडणार नाही असे मला वाटते, तरीही खाद्यात काय असते हे कळले तर तयार खाद्य निवडणेही सोपे जाते.

शंभर किलोचे प्रमाण असे आहे : मक्याचा भरडा ५० किलो, सोयाबीनची तेल काढलेली पेंड २२ किलो, तांदळाचे पॉलिश (बारीक कोंडा) १८ किलो, शेल ग्रिट आणि चुनखडीचे खडे मिळून ८ किलो, डायकॅल्शियम फॉस्फेट १ किलो २०० ग्रॅम, मीठ ३०० ग्रॅम आणि लेअरसाठीचे जीवनसत्त्व-खनिज प्रीमिक्स व मेथिओनीन (प्रथिनांतले एक आवश्यक अमिनो आम्ल) मिळून ५०० ग्रॅम. यातून प्रथिने साडेसोळा टक्क्यांच्या आसपास आणि कॅल्शियम तीन टक्क्यांच्या थोडे वर येते. मका निम्मा आहे म्हणून तो मुख्य वाटतो, परंतु त्यात प्रथिने जेमतेम नऊ टक्के असतात. खरा भार सोयापेंडीवर असतो, जिच्यात ती ४५ टक्क्यांच्या जवळ असतात. नुसत्या मक्यावर ठेवलेली कोंबडी चरबी धरते आणि अंडी कमी देते, याचे कारण हेच आहे.

घरगुती मिश्रणात लोक सर्वांत जास्त घसरतात ते त्या शेवटच्या अर्ध्या किलोत. मका, पेंड आणि कोंडा डोळ्यांना दिसतो, म्हणून तो सगळे घालतात. प्रीमिक्स ही चिमूटभर पावडर वाटते, म्हणून ती राहून जाते. जीवनसत्त्व ड३ नसेल तर समोर भांडेभर शिंपले असूनही कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि मेथिओनीन कमी पडले तर अंडी लहान होतात व पिसे निस्तेज होतात. ही पावडर एकदम शंभर किलोत टाकली तर ती एका कोपऱ्यातच राहते. आधी एक किलो भरड्यात, मग पाच किलोंत, मग सगळ्यात, अशी चढत्या क्रमाने मिसळावी लागते.

गावाकडून सोयाबीन येते म्हणून ते कच्चेच भरडून घालणारी मंडळी आहेत. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडवणारा घटक असतो आणि तो उष्णतेनेच निष्प्रभ होतो. म्हणून एकतर प्रक्रिया केलेली पेंड वापरावी, नाहीतर सोयाबीन नीट भाजून घ्यावे.

वाशीचा धान्यबाजार घाऊक आहे, तिथे पोत्याच्या हिशेबानेच व्यवहार होतो. पन्नास किलो मका आणि पंचवीस किलो पेंड आणून बारा कोंबड्यांना पुरवायची म्हणजे तो माल घरात दोन महिने पडून राहणार. तेव्हा आपण तयार लेअर मॅशच घ्यावे आणि फार तर त्यात दहा टक्क्यांपर्यंत ज्वारी किंवा बाजरी संध्याकाळी विस्कटून द्यावी, म्हणजे उकरण्याची त्यांची हौसही भागेल. अखंड धान्य देत असाल तर न विरघळणारी जाडसर खडी थोडी उपलब्ध ठेवावी, कारण पेट्यात दाणे दळण्याचे काम ती करते; शिंपले विरघळून जातात, त्यामुळे ते या कामाला पुरत नाहीत.

कोलशेत_खाडीकाठ यांचे उत्तर

वरच्या तिन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, मात्र आपल्या हवेचा विचार त्यांत पुरेसा आलेला नाही. ठाणे-नवी मुंबईच्या खाडीकाठावर जून ते ऑक्टोबर या काळात खाद्य कोणते घेतले यापेक्षा ते किती ताजे आहे आणि कसे ठेवले आहे यावर कोंबड्यांचे आरोग्य जास्त अवलंबून असते असे माझे ठाम मत आहे.

दमट हवेत मका आणि शेंगदाण्याची पेंड यांवर अॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि ती अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. त्याने कोंबडीचे यकृत खराब होते, अंडी घटतात, रोगप्रतिकारशक्ती कमी होते, आणि हे सगळे इतके हळूहळू घडते की दोष खाद्याचा आहे हे चटकन ध्यानात येत नाही. लोक असे खाद्य उन्हात घालतात, भाजतात, चाळून वरची बुरशीची जाळी काढून टाकतात आणि पुन्हा वापरतात. उन्हाने किंवा स्वयंपाकघरातल्या भाजण्याने बुरशी मरेल, पण तिने आधीच तयार केलेले विष तसेच राहते. ते घरगुती उष्णतेने नष्ट होत नाही. म्हणून कुबट वास आलेले, गुठळ्या झालेले किंवा हिरवट-राखाडी झाक आलेले खाद्य टाकूनच द्यावे. नुकसान होते, जीव हळहळतो, तरी टाकावे.

दुकानात खाद्य घेताना गोणीत कोपरापर्यंत हात घालून आतले खाद्य मुठीत घट्ट दाबावे. मूठ उघडल्यावर ते सुटे होऊन बोटांतून गळाले पाहिजे. लाडूसारखे एकत्र राहिले किंवा आत हाताला ऊब लागली तर ते ओलसर आहे असे समजावे. नंतर तीच मूठ नाकाशी न्यावी. ताज्या मॅशला भाजलेल्या पेंडीसारखा गोडसर वास असतो. खवट तेलाचा वास आला तर कोंड्यातली चरबी बिघडलेली आहे आणि त्याबरोबर जीवनसत्त्व अ आणि ई हीसुद्धा गेलेली आहेत.

आपल्या बारा कोंबड्यांना दिवसाला साधारण १ किलो ३०० ग्रॅम खाद्य लागेल, म्हणजे पन्नास किलोची गोणी पाच आठवड्यांहून अधिक पुरेल. हिवाळ्यात ते चालून जाईल, पावसाळ्यात ते फार होते. पावसात दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढेच आणावे, किंवा गावठाणात आणखी कोणाकडे कोंबड्या असतील तर एक गोणी वाटून घ्यावी. उत्पादनाची तारीख महिन्याच्या आतली असावी. घरी आणल्यावर खाद्य घट्ट झाकणाच्या पिंपात ओतावे, पिंप विटांवर किंवा लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवावे, आणि आधीचे खाद्य संपवून पिंप पुसून कोरडे केल्याशिवाय त्यात नवे ओतू नये. तळाशी राहिलेला जुना थरच नव्या खाद्याला बुरशी लावतो.

झाकणाचे दुसरेही कारण आहे. उघड्या खाद्यावर उंदीर-घुशी येतात, आणि पावसाळ्यात आपल्या भागात लेप्टोची (उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या तापाची) भीती असतेच. कावळे आणि कबुतरेही येतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात वेहळोळी येथे कोंबड्या बर्ड फ्लूने मेल्या होत्या, हे अनेकांना आठवत असेल. जंगली पक्ष्यांचा आणि आपल्या कोंबड्यांच्या भांड्यांचा संबंध जितका कमी येईल तितके चांगले, म्हणून खाद्याचे आणि पाण्याचे भांडे जाळीच्या आत, छपराखालीच असावे आणि सांडलेले खाद्य रोज संध्याकाळी झाडून काढावे.

कासारवडवलीच्या दादांना एक विनंती आहे. आपले मिश्रण उत्तम आहे, पण काही जण सोयापेंड महाग म्हणून तिच्या जागी शेंगदाण्याची पेंड घालतात. पावसाळ्यात तो बदल कोणी करू नये, एवढी सूचना आपण आपल्या मिश्रणाबरोबर नेहमी द्यावी.

कासारवडवली_शेतीप्रेमी

सूचना मान्य आहे. आम्हीही पावसाळ्याचे चार महिने तयार खाद्यच आणतो आणि दिवाळीनंतर मिश्रण सुरू करतो. वर ते लिहायला हवे होते.

घणसोली_परसदार

सर्वांचे मनापासून आभार. दुकानात जाऊन मूळ गोणी पाहिली. चिठ्ठीवर ब्रॉयलर फिनिशर असे स्पष्ट लिहिलेले आहे. कोपरखैरण्याच्या एका दुकानात लेअर मॅशची नवी गोणी मिळते आहे. आता दोन शंका उरतात. पहिली अशी की तीन तलंगा त्याच खुराड्यात आहेत, त्यांनी लेअर खाद्य खाल्ले तर चालेल का? आणि दुसरी अशी की शेजाऱ्यांच्या अनुभवानुसार कोंबड्या मॅशमधले मक्याचे कण वेचून खातात आणि पिठूळ भाग भांड्यात तसाच सोडतात. त्यावर काय करावे?

पशुधन_कळवा

तलंगांविषयी विचारलेत हे बरे केलेत. अंड्यावर न आलेल्या पक्ष्याला तीन-चार टक्के कॅल्शियमचे खाद्य आठवडेच्या आठवडे दिले तर जादा कॅल्शियम बाहेर टाकण्याचा ताण मूत्रपिंडांवर येतो, त्यांत खडे होतात आणि पुढे तो पक्षी अचानक दगावू शकतो. चौदा आठवड्यांच्या तलंगांना ग्रोअर, म्हणजे वाढत्या पक्ष्यांचे, खाद्य हवे, ज्यात प्रथिने १६ टक्क्यांच्या आसपास असतात आणि कॅल्शियम एक टक्क्याच्या जवळपास असते. खुराड्यात मधे जाळी लावून महिना-दीड महिना त्यांना वेगळे ठेवता आले तर तोच सर्वांत चांगला मार्ग आहे. जागा अपुरी असेल तर तोपर्यंत सर्वांनाच ग्रोअर खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात भरपूर ठेवावा. अंड्यावरच्या कोंबड्या त्यातून आपली गरज भागवतील आणि तलंगा तो फारसा खाणार नाहीत. या मार्गाने कवच लेअर खाद्याइतके जाड कदाचित होणार नाही, पण तलंगांची मूत्रपिंडे वाचतील. तलंगांचा तुरा लाल होऊन वाढू लागला आणि पाठीवर हात ठेवताच त्या दबून बसू लागल्या की अंडे जवळ आले असे समजावे. ग्रामप्रियासारख्या जातींत हे साधारण अठरा ते वीस आठवड्यांच्या पुढे दिसते. तेव्हा सर्वांना लेअर खाद्यावर आणावे. कोणताही बदल एका दिवसात करू नये; आठवडाभर जुन्यात नवे थोडे थोडे वाढवत न्यावे, नाहीतर कोंबड्या खाणे कमी करतात आणि अंडी खंडतात.

वेचून खाण्याविषयी म्हणाल तर भांडे कायम काठोकाठ भरलेले असणे हे त्याचे मुख्य कारण असते. भांडे एक तृतीयांशच भरावे, त्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला यावी, आणि सकाळचे खाद्य तळापर्यंत संपल्यावरच दुपारचे घालावे. त्या पिठूळ भागातच प्रीमिक्स, पेंडीचे बारीक कण आणि मीठ असते, म्हणून तो रोज फेकला गेला तर महागाचे खाद्य घेऊनही कोंबडी नुसत्या मक्यावरच राहते. राहिलेल्या पिठात थोडे पाणी किंवा पातळ ताक शिंपडून ओलसर भुरभुरीत केले की कोंबड्या ते आवडीने संपवतात. असे ओले केलेले खाद्य दोन-तीन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आपल्या हवेत ते लगेच आंबते. उन्हाळ्यात मात्र हीच युक्ती फार उपयोगी पडते, कारण एप्रिल-मेमध्ये कोंबड्या धापा टाकतात, खाणे कमी करतात आणि धापा टाकण्यामुळेही कवच पातळ होते. त्या दिवसांत खाद्य पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्यावे आणि पाणी सावलीत, दिवसातून तीन-चारदा बदलून ठेवावे. कोंबडी खाद्याच्या जवळपास दुप्पट पाणी पिते, आणि पाणी कमी पडले तर उत्तम खाद्यही वाया जाते.

शिंपले आणि योग्य खाद्य सुरू केल्यावर दोन आठवड्यांत कवच सुधारलेले दिसायला हवे. तोपर्यंत सुधारणा झाली नाही, किंवा पातळ कवचाबरोबर शिंका, वेडीवाकडी अंडी अथवा पाण्यासारखा पातळ पांढरा बलक दिसू लागला, तर तो खाद्याचा प्रश्न राहत नाही. श्वसनमार्गाच्या विषाणूंच्या काही आजारांत असेच होते. अशा वेळी एक कोंबडी आणि दोन अंडी घेऊन जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे, आणि गोणीची चिठ्ठी फाडून न टाकता सोबत न्यावी, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना खाद्याची शंका लगेच बाजूला ठेवता येईल.